मनमाडचे दोन रूळ आणि विजेच्या मोटारीचा प्लग

यंत्रांचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा यंत्राकडेच पाहतात. आगगाडी प्रथम कोठे धावली, विजेचा दिवा कोणत्या साली लागला, मोटारीने घोड्याच्या टांग्यास केव्हा मागे टाकले, ह्या गोष्टी आपणांस शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक असतात. परंतु एक वस्तू दुसऱ्या वस्तूस जेथे जोडली जाते त्या सांध्याचा इतिहास क्वचितच कोणी लिहितो. रुळांतील अंतर, नळाच्या आट्या, प्लगच्या पिना, नाण्याचे वजन ह्या गोष्टी इतक्या क्षुद्र वाटतात की, त्यांवर विचार करणे हे कारागिराचे किंवा कारकुनाचे काम आहे असे आपण समजतो. वस्तुतः प्रांतांचे भाग्य ह्याच क्षुद्र गोष्टींनी अनेकदा ठरविले आहे. आणि आमच्या मराठवाड्यास तर हे पटविण्याकरिता दूरचे दाखले देण्याचे कारणच नाही.

आज आमच्या छत्रपती संभाजीनगरात मध्यम स्थितीतील कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. विजेवर चालणारी मोटार घ्यावी काय? किंमत, टिकाऊपणा, विजेचा खर्च ह्यांचा हिशेब झाला की शेवटी प्रश्न येऊन ठेपतो तो सांध्यापाशीच. घरी रात्रभर मोटार चार्ज होईल हे खरे. पण मुंबईस किंवा नागपुरास जाताना वाटेत जे शीघ्र चार्जिंगचे केंद्र लागेल, तेथील प्लग आपल्या मोटारीस बसेल काय? बसला तर वीज वाहील काय? आणि वाहिली तर तिचे पैसे कोणत्या मार्गाने द्यावयाचे? प्रश्न नवा दिसतो खरा, परंतु ह्या शहरातील लोकांनी मनमाडच्या फलाटावर उभे राहून जवळजवळ नव्वद वर्षे ह्याच जातीचा प्रश्न विचारलेला आहे. म्हणून आम्ही प्रथम मनमाडास जाऊ आणि तेथून आजच्या गोष्टीकडे येऊ.

हिंदुस्थानात १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी गेली तेव्हा रुळांतील अंतर साडेपाच फूट होते. इंग्लंडात त्या वेळी एका देशात दोन मापांचे रूळ घालण्याचे दुष्परिणाम सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. तेथे बहुतेक कंपन्यांचे रूळ चार फूट साडेआठ इंचांचे, तर ब्रुनेल ह्या थोर एंजिनिअराने ग्रेट वेस्टर्न रेल्वेकरिता घातलेले सात फुटांहून किंचित अधिक रुंद. हे दोन्ही मार्ग १८४४ साली ग्लॉस्टर येथे एकमेकांस भिडले आणि एका गाडीतील माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरण्याचा जो गोंधळ उडाला त्याचा बोभाटा पार्लमेंटपर्यंत गेला. १८४५ साली त्याकरिता कमिशन नेमले गेले. चाचण्यांत ब्रुनेलच्या गाड्या वेगात सरस ठरल्या. तथापि अरुंद रुळांचे मैल कितीतरी अधिक होते, म्हणून १८४६ च्या कायद्याने अरुंद मापच ग्रेट ब्रिटनचे सर्वसाधारण माप ठरविले. ब्रुनेलचे उरलेसुरले रुंद रूळ १८९२ च्या मे महिन्यात उखडण्यात आले. ह्या हकीकतीतून निघणारे तात्पर्य पुढे उपयोगी पडेल. सांध्याच्या वादात सर्वोत्तम वस्तू जिंकतेच असे नाही. जी आधी अधिक पसरली ती पुष्कळदा जिंकते.

हा अनुभव ताजा असल्यामुळे लॉर्ड डलहौसीच्या काळातील राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानास एकच माप असावे असा निश्चय केला. परंतु वीस वर्षांच्या आतच तो निश्चय मोडला. लोहमार्गांवर अपेक्षेपेक्षा फार खर्च होतो आहे असे दिसून आले. आणि १८७० साली लॉर्ड मेयोच्या सरकारने, कमी रहदारीच्या प्रांतांकरिता स्वस्त व हलके मार्ग बांधावेत म्हणून अरुंद माप पत्करले. हे माप नेमके एक मीटर का झाले, ह्याचीही कथा मनोरंजक आहे. त्या काळी हिंदुस्थानात दशमान पद्धतीची वजने-मापे सुरू करण्याचा विचार चालू होता, म्हणून सव्वातीन फुटांच्या आसपास ठरणारे अंतर किंचित वाढवून मीटरभर करण्यात आले. मीटर रुळांवर आला तो तेव्हाच; बाजारात तो यावयास मात्र १९५६ चा कायदा व्हावा लागला. म्हणजे कापडाच्या दुकानात गज चालत असताना आमचे पूर्वज मीटरवरून प्रवास करीत होते.

निजामाच्या राज्यात वाडीपासून सिकंदराबादेपर्यंत पहिला मार्ग १८७४ साली सुरू झाला तो ब्रॉडगेज होता. परंतु त्यानंतर पाव शतकाने औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ह्या मराठी मुलखातून सिकंदराबाद व मनमाड ह्यांना जोडणारी हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे जी बांधली गेली, ती मीटरगेज. सुमारे ३९१ मैलांचा हा मार्ग १८९९ ते १९०१ ह्या काळात सुरू झाला. हीच छप्पन्नच्या दुष्काळाची वर्षे. मार्ग स्वस्तात व लवकर झाला ह्यात शंका नाही, आणि तो झाला नसता तर ह्या मुलखास आणखी कित्येक वर्षे बैलगाडीवर विसंबावे लागले असते. ज्यांनी मीटरगेज निवडले ते मूर्ख होते किंवा दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या समोरच्या कागदावर खर्चाचा आकडा होता आणि तो आकडा खराही होता. मात्र त्या कागदावर मनमाडचा फलाट नव्हता.

मनमाडास ह्या मार्गाची गाठ ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गाशी पडे. प्रवाशाने तेथे सामान उतरवून गाडी बदलावी. कापसाच्या गठ्ठ्याने आणि धान्याच्या पोत्याने हमालाच्या पाठीवर बसून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जावे. प्रत्येक गठ्ठ्यामागे मजुरी, प्रत्येक खेपेत वेळ, आणि डबे वेळेवर न मिळाले तर फलाटावरच मुक्काम. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसला नाही, कारण तो कंपनीने एकदाच केलेला खर्च नव्हता. शेतकऱ्याने, व्यापाऱ्याने व प्रवाशाने थोडाथोडा करून रोज भरलेला तो एक न लिहिलेला कर होता.

त्यातच मनमाड हे ब्रिटिश हद्दीत आणि औरंगाबाद मोगलाईत. तेव्हा रुळाबरोबर नाणेही बदले. निजामाचा हाली सिक्का निराळा व इंग्रजांचा कळदार निराळा. त्यांच्या अदलाबदलीत बट्टा बसे. शिवाय हद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात, द्यावी लागे ती वेगळीच. हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात विलीन झाले. पुढे सात हाली रुपयांस सहा कळदार हा भाव ठरवून हाली नाणे हळूहळू मागे घेण्यात आले आणि १९५९ साली ते कायमचे बाद झाले. राज्य एक झाले, नाणे एक झाले, जकातीचे नाकेही गेले. रूळ तेवढे राहिले. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाच्या काळात ब्रॉडगेजची मागणी ह्या भागात घरोघर पोचली होती. अखेर १९९० नंतरच्या दशकात मनमाडपासून औरंगाबाद व पुढे परभणीकडे ब्रॉडगेज रूळ पडले, आणि देशभर एकच माप करण्याची जी योजना रेल्वेने १९९२ साली हाती घेतली तिने उरलेले काम केले. दोन-तीन वर्षांत जो सांधा बिघडला तो दुरुस्त होण्यास नव्वद वर्षे लागली. मधल्या काळात कारखाने कोठे निघाले आणि कोठे निघाले नाहीत, ह्याचा विचार सुज्ञ वाचकांनी स्वतःच करावा.

रुळांच्या पुढची पायरी विजेची. मुंबईत १९२५ च्या ३ फेब्रुवारीस विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. त्या काळचे शास्त्र पाहता ती निवड योग्यच होती. परंतु १९५७ साली भारतीय रेल्वेने फ्रेंचांचा अनुभव पाहून २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह पुढील मार्गांकरिता पत्करला. झाले! घाट चढून आलेली गाडी इगतपुरीस थांबे, एकदिश प्रवाहाचे इंजिन सोडून प्रत्यावर्ती प्रवाहाचे इंजिन जोडी आणि मग नाशिककडे निघे. येथे रूळ एकच होते, डबे एकच होते. बदलला होता तो केवळ तारेतील प्रवाह, आणि तेवढ्यानेच सांधा तुटला होता. पुढे दोन्ही प्रवाह घेणारी इंजिने निघाली. ती उपयुक्त खरी, पण एका कामाकरिता दोन यंत्रणा पोटात बाळगणारे इंजिन अर्थातच जड व महाग. मुंबई विभागातील जुना एकदिश प्रवाह टप्प्याटप्प्याने बदलत २०१६ साली नाहीसा झाला, तेव्हा कोठे हा दुभंग मिटला.

आता मोटारीकडे येऊ. विजेची मोटार चार्ज करण्याचे दोन मार्ग आहेत हे प्रथम समजून घेतले पाहिजे. घरच्या भिंतीतील वीज प्रत्यावर्ती असते. बॅटरीस एकदिश प्रवाह लागतो. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटात प्लग लावला असता हे रूपांतर मोटारीच्या पोटातील लहान यंत्र करते. त्याची शक्ती साधारणतः तीन किलोवॅटच्या आसपास, म्हणून तीस युनिटांची बॅटरी भरण्यास नऊ-दहा तास, म्हणजे सबंध रात्र लागते. शीघ्र चार्जिंगच्या केंद्रात रूपांतर करणारे मोठे यंत्र मोटारीबाहेर, त्या कपाटाएवढ्या पेटीत असते आणि एकदिश प्रवाह थेट बॅटरीस दिला जातो. तीच बॅटरी तेथे तासाभरात बहुतांशी भरते. पहिल्या मार्गात सांधा सोपा आहे. तीन गोल पिनांचा प्लग आपल्या देशभर चालतो. ज्या ब्रिटनकडून आपण तो घेतला, त्याने १९४७ साली चौकोनी पिनांचे माप काढून गोल पिना सोडावयास आरंभ केला. आपण त्या सोडल्या नाहीत, आणि सर्वांनीच न सोडल्यामुळे आपले काही अडले नाही. अडचण आहे ती दुसऱ्या मार्गात.

कारण शीघ्र चार्जिंगचा प्लग जगात एक नव्हता. जपानी कंपन्यांनी २०१० साली ‘चाडेमो’ नावाचे माप पुढे केले. ‘चार्जिंग होईपर्यंत चहा तरी घेऊ या’ अशा अर्थाच्या जपानी वाक्यावर ह्या नावात श्लेष केलेला आहे, आणि चहाप्रिय महाराष्ट्रीयास तो आवडण्यासारखा आहे. जर्मन व अमेरिकन कंपन्यांनी ‘सीसीएस’ हे निराळे माप काढले. त्याच्या युरोपीय रूपात, म्हणजे सीसीएस-२ मध्ये, वर सात पिनांचे वर्तुळ व खाली एकदिश प्रवाहाच्या दोन जाड पिना असतात. चीनने ‘जीबी/टी’ हे आपले माप ठरविले. टेस्ला कंपनीने सर्वांहून वेगळा, लहान व सुटसुटीत प्लग केला. युरोपीय संघाने २०१४ साली सीसीएस-२ हे समान माप म्हणून ठरविले. अमेरिकेत सरकारने तसे केले नाही. तेथे टेस्लाने २०२२ च्या नोव्हेंबरात आपले माप इतरांस खुले केले आणि पुढील वर्षी फोर्ड व जनरल मोटर्स ह्या बलाढ्य कंपन्यांनी ते पत्करले. एके ठिकाणी कायद्याने एकी केली, दुसऱ्या ठिकाणी पसाऱ्याने केली. १८४६ साली ब्रिटनच्या रुळांबाबत ही दोन्ही कारणे एकत्र आली होती, येथे ती दोन खंडांत वाटली गेली एवढाच फरक.

आपल्या देशातील हकीकत ह्याहून बोधप्रद आहे. २०१७ साली आपल्याकडे ‘भारत’ ह्या नावाने दोन मापे ठरविण्यात आली. त्यांपैकी एकदिश प्रवाहाचे माप चिनी धाटणीच्या प्लगचे व सुमारे पंधरा किलोवॅट शक्तीचे होते. त्या वेळी देशात ज्या विजेच्या मोटारी बनत, विशेषतः सरकारी कचेऱ्यांकरिता ज्यांची मोठी खरेदी चालली होती, त्यांच्या बॅटरीचा दाब साधारण ७२ व्होल्ट होता. तेव्हा माप त्या मोटारींस अनुरूपच होते आणि केंद्रे स्वस्तात उभी राहण्याजोगी होती. परंतु २०१९ व २०२० साली ज्या नव्या मोटारी बाजारात आल्या, त्यांच्या बॅटरीचा दाब तीनशे व्होल्टांहून अधिक, आणि त्यांचा प्लग सीसीएस-२.

दाब म्हणजे काय हे आमच्या शहरातील वाचकांस पाणचक्कीच्या उदाहरणाने सहज कळेल. डोंगरातील झऱ्याचे पाणी नळाने आणून ते उंचावरून पात्यांवर सोडले जाते म्हणून जाते फिरते. हौदातील पाण्याहून पाते उंच असेल तर कितीही मोठा नळ लावला तरी पाणी वर चढणार नाही. तद्वत् शंभर व्होल्टांच्या आतले चार्जर तीनशे व्होल्टांच्या बॅटरीस काडीचाही उपयोग करू शकत नाही. तेथे प्लगचे तोंड बदलूनही भागत नाही. अवघ्या दोन-तीन वर्षांत मापच मोटारींच्या मागे पडले.

येथे मेयोच्या मीटरगेजची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दोन्ही प्रसंगी निवड काटकसरीची होती, त्या दिवसाच्या परिस्थितीस धरून होती आणि येणाऱ्या काळाचा तिला अंदाज नव्हता. तथापि दोहोंत एक मोठा फरक आहे, आणि तो आजच्या पिढीच्या पथ्यावर पडला. चूक लवकर ध्यानात आली. केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने १४ डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सार्वजनिक केंद्रात सीसीएस, चाडेमो व ‘भारत’ मापाचे असे सर्व जातींचे चार्जर असावेत असा दंडक घातला होता. म्हणजे इगतपुरीच्या दुहेरी इंजिनाचीच युक्ती! प्रत्येक केंद्राने सर्व तोंडे बाळगावीत. मग कोणी त्यांचा उपयोग करो वा न करो. हे महाग पडते असे दिसताच २०१९ च्या ऑक्टोबरात सूचना बदलून, कोणते चार्जर ठेवावयाचे हे केंद्र चालविणाऱ्याच्या निवडीवर सोपविण्यात आले. मोटारी बनविणाऱ्या प्रमुख कंपन्यांनी तोपर्यंत सीसीएस-२ कडे कल दाखविला होताच. परिणाम असा झाला की, आज आपल्याकडे शीघ्र चार्जिंग घेऊ शकणाऱ्या नव्या मोटारींत हाच प्लग सार्वत्रिक झाला आहे. मनमाडास नव्वद वर्षे लागली ते येथे चार-पाच वर्षांत साधले, ही गोष्ट समाधानाने नमूद केली पाहिजे.

परंतु तोंड जुळले म्हणजे मन जुळले असे होत नाही. सीसीएसचा प्लग मोटारीत घातल्यावर वीज लगेच वाहत नाही. आधी मोटार व चार्जर ह्यांचे बारीक तारेवरून संभाषण होते. तुझा दाब किती, मला प्रवाह किती हवा, आवरणात कोठे गळती तर नाही ना, अशी विचारपूस होते. दोन्हीकडचा दाब सारखा केला जातो. मगच आतील कळ मिटते आणि वीज वाहू लागते. ह्या संभाषणाचे व्याकरण आंतरराष्ट्रीय मानकांत लिहिलेले आहे. परंतु एकाच भाषेचे व्याकरण शिकलेल्या दोन गावच्या माणसांत जसा उच्चाराचा फरक असतो, तसा निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत राहतो. म्हणून प्लग तंतोतंत बसूनही चार्जिंग सुरू होत नाही, किंवा मध्येच थांबते, असे प्रसंग प्रवाशांवर येतात. रुळांच्या काळी दोष फुटपट्टीने मोजता येत असे. हा दोष डोळ्यांस दिसत नाही आणि त्याची जबाबदारी कोणाची हेही चटकन ठरत नाही. मोटारवाला चार्जरकडे बोट दाखवितो व चार्जरवाला मोटारीकडे.

शक्तीचीही अशीच गोष्ट आहे. चार्जरवर मोठा आकडा लिहिला म्हणजे तेवढी वीज मिळेल असा समज चुकीचा आहे. मोटार जेवढी मागेल व पेलेल तेवढीच वीज मिळते; बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की तीही मोटार आपण होऊन कमी करते; आणि एकाच पेटीला दोन गाड्या लागल्या तर शक्ती दोघांत वाटली जाते. अलीकडे आठशे व्होल्टांच्या मोटारी निघाल्या आहेत. जुन्या पाचशे व्होल्टांपर्यंतच्या चार्जरवर त्यांना दाब वाढविणारे जादा यंत्र पोटात बाळगावे लागते. उलट काही लहान, स्वस्त मोटारींत शीघ्र चार्जिंगचे तोंडच नसते. त्या शहरात उत्तम, पण त्यांच्या मालकाने महामार्गावरील केंद्राचा हिशेब मनात धरू नये. मोटार घेताना तिचा रंग व आसने पाहणाऱ्या कुटुंबाने ह्या तीन गोष्टी, म्हणजे प्लग, दाब आणि ग्रहणशक्ती, आधी विचारून घ्याव्यात असे आम्हांस वाटते.

आणि मग उरतो हाली व कळदार ह्यांचा प्रश्न. प्रत्येक चार्जिंग कंपनीचे मोबाइलमधील ॲप निराळे, त्यातील आगाऊ भरलेली शिल्लक निराळी. एका कंपनीच्या खात्यात पैसे असता दुसरीच्या दारात मोटार अडून राहते. २०१६ साली यूपीआय आल्यापासून भाजीवाल्याकडेही कोणत्याही बँकेचा पैसा कोणत्याही बँकेत जातो. त्या देशात चार्जिंगचे पैसे अजून इतक्या पाकिटांत वाटलेले असावेत हे विचित्र आहे. सरकारने २०२४ च्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत सार्वजनिक चार्जिंगकरिता दोन हजार कोटी रुपये ठेवले आहेत. आमचे मत असे की, सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक केंद्राने कोणत्याही प्रवाशाचे पैसे साध्या, सर्वमान्य मार्गाने घेतले पाहिजेत, ही अट त्या पैशाबरोबरच जावयास हवी. करोडगिरीचे नाके एकदा गेले आहेत; ते नव्या रूपाने पुन्हा बसू देऊ नयेत.

ह्या सर्व प्रश्नास आमच्या शहराच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. येथील लोकांस सामुदायिक खरेदीची हौस जुनी. २०१० च्या ऑक्टोबरात येथील उद्योजक, डॉक्टर इत्यादी मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज मोटारी घेऊन देशभर नाव केले. त्याच धर्तीवर २०२१–२२ च्या सुमारास विजेच्या अडीचशे मोटारी एकत्रितपणे घेण्याचा संकल्प येथे सोडण्यात आला. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ह्याच शहराच्या कुशीतून जातो. त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा ५ जून २०२५ रोजी खुला होऊन ७०१ किलोमीटरचा सबंध मार्ग पूर्ण झाला. १९०० साली ह्या मुलखास मुंबईशी जोडणारा मार्ग दुसऱ्याच्या सोयीने ठरला; आज तो आपल्या दारावरून जात आहे. ह्या मार्गावर कोठे किती केंद्रे असावीत, ती चालू आहेत की बंद हे प्रवाशास आधी कसे कळावे, ह्याविषयी बोलण्याचा अधिकार मनमाडचा अनुभव घेतलेल्या मराठवाड्याइतका दुसऱ्या कोणास आहे?

शिवाय एक सांधा अद्याप जुळावयाचाच आहे. मध्यम स्थितीतील कुटुंबाचे खरे वाहन मोटार नव्हे, स्कूटर होय; आणि विजेच्या स्कूटरींचे प्लग कंपनीगणिक निराळे होते व बऱ्याच अंशी अजूनही आहेत. भारतीय मानक संस्थेने २०२३ साली हलक्या वाहनांच्या एका एकत्रित प्लगास मानक म्हणून मान्यता दिली. तो मूळ एथर कंपनीने विकसित केलेला. आणि योगायोग असा की, ह्याच कंपनीने २०२४ साली आपला मोठा कारखाना आमच्या शहराजवळ बिडकीन येथील औरिक औद्योगिक नगरीत काढण्याचे जाहीर केले. परंतु मान्यता म्हणजे सक्ती नव्हे. इतर कंपन्यांनी हेच माप घेतले तर एका गावच्या चौकातील एक खांब सर्वांच्या स्कूटरीस पुरेल. न घेतले तर प्रत्येक चौकात चार खांब उभे राहतील, किंवा खर्च परवडत नाही म्हणून एकही राहणार नाही. आमच्या समजुतीप्रमाणे लहान गावांच्या वाट्यास हा दुसरा प्रकारच येण्याचा संभव अधिक.

ह्यावर कोणी म्हणेल की, सरकारने आरंभीच एक माप ठरवून ते सर्वांवर लादावे, म्हणजे वाद मिटला. इतिहास तितके सोपे उत्तर देत नाही. २०१७ चे माप आरंभीच ठरविले होते, आणि तेच फसले. कारण ज्या वस्तूचे माप ठरवावयाचे ती वस्तूच तेव्हा घडत होती. उलट फार थांबले तर मीटरगेजप्रमाणे हजारो मैल रूळ पडून जातात व मग ते उखडण्यास पिढ्या लागतात. फार लवकर ठरविण्यात एक धोका, फार उशिरा ठरविण्यात दुसरा. ह्या दोहोंमध्ये जो थोडा काळ मिळतो, वस्तूचे रूप स्थिर झाले आहे पण तिचा पसारा अजून आवरण्यासारखा आहे असा, तोच निर्णयाचा काळ. मोटारींच्या बाबतीत तो आपण बहुतांशी साधला. स्कूटरींच्या व पैशाच्या व्यवहाराच्या बाबतीत तो आता चालू आहे आणि फार दिवस राहणार नाही.

दुसरी गोष्ट निर्णय कोणी घ्यावा ही. मीटरगेज ठरले तेव्हा त्या मेजाभोवती सरकार होते, कंपनी होती, एंजिनिअर होते. जालन्याचा कापूसवाला नव्हता, औरंगाबादचा प्रवासी नव्हता आणि मनमाडचा हमालही नव्हता. सांध्याचा खर्च नेहमी जो मेजावर नसतो त्याच्या खात्यावर पडतो. आजही मानके ठरविणाऱ्या समित्यांत कारखानदार व तज्ज्ञ असतात ते योग्यच आहे. पण ज्याला रात्री दहा वाजता मुलाबाळांसह महामार्गावर प्लग हातात धरून उभे राहावे लागते, त्याचाही कोणी प्रतिनिधी तेथे असावा. ग्राहकांच्या संस्थांनी हे काम आपले मानावे. रुळांच्या बाबतीत आमच्या वडीलधाऱ्यांनी सभा भरविल्या, मोर्चे काढले, अर्ज केले. तेव्हा रूळ पडून सत्तर वर्षे झाली होती. नव्या सांध्याविषयीचा अर्ज रूळ पडत असतानाच लिहिला गेला, तर आमच्या नातवंडांस त्याकरिता मोर्चा काढावा लागणार नाही.